पाकिस्तानी हॉटेलात पंगत: कडाही किलोवर, हिशेब माणशी

आलेपाक

आपल्या संस्थळावरच्या दुबईकरांचा थंडीतला कट्टा (प्रत्यक्ष गाठभेट) यंदा दुबईच्या सतवा भागात, एका पाकिस्तानी हॉटेलात झाला. वृत्तांत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पण कोण उशिरा आलं आणि कोणी कोणाची कशी खेचली, हे ज्यांना कळायला हवं ते तिथे होतेच. मला लिहायचंय ते जेवणाच्या आखणीबद्दल. १४ मोठी माणसं आणि ५ पोरं. मोठ्यांत चौघं पक्के शाकाहारी, दोघं 'बाहेर फक्त चिकन'वाले आणि एकीची संकष्टी. (चंद्रोदय दुबईचा धरायचा की पुण्याचा, यावर वीस मिनिटं गेली. दुबईचा धरला.) अशी पंगत पाकिस्तानी हॉटेलात बसवायची तर आधी काय काय ठरवून जावं लागतं, यावर आपल्याकडे एकही धागा नाही, म्हणून हा.

दुबईच्या करामा भागातल्या नेहमीच्या ठिकाणी आपण जमतो तेव्हा प्रत्येक जण आपापली थाळी किंवा आपापला डोसा मागवतो. एका टेबलावर बसून वेगवेगळे जेवतो आणि घरी येतो. पाकिस्तानी हॉटेलात हे जमत नाही, कारण तिथला मुख्य पदार्थच एकट्यासाठी नसतो. मटण कडाही मिळते अर्धा किलो किंवा एक किलो. हे वजन कच्च्या मटणाचं, हाडासकट. घरी आपण माणशी पाव किलो धरतो. इथे सोबत कबाब, दाल आणि रोट्या असतात, त्यामुळे एका किलोत पाच जणांचं भागतं. मटण खाणारे आम्ही सात, म्हणून दीड किलो मटण कडाही आणि चिकनवाले व पोरं यांच्यासाठी एक किलो चिकन कडाही मागवली. शाकाहाऱ्यांना दाल माश (आपली सालं काढलेली उडदाची डाळ, सुटी शिजवलेली, वर आलं-मिरची), मिक्स भाजी आणि आलू पालक. सगळ्यांच्या मध्ये चिकन सीख कबाबच्या दोन प्लेटी. रोट्या मोजल्या नाहीत.

सतवा म्हटलं की लोक आधी 'रावी' म्हणतात. ते १९७८ पासूनचं पाकिस्तानी हॉटेल. २०२२ मध्ये आदिदासने त्याच्या नावाने हिरवे-पांढरे बूट काढले, इतकं ते या गावाचं झालंय. पण आमच्या लटांबराला शनिवारी रात्री एका ओळीत जागा हवी होती, म्हणून आतल्या गल्लीतलं, वर फॅमिली हॉल असलेलं एक धरलं. नाव हवं असेल त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मागवायचं काम दोघांवर सोपवलं होतं. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकोणीस माणसं मेनू हातात घेऊन बसली की वेटर बिचारा वही घेऊन उभा राहतो आणि शेवटी कोणी तरी 'सगळ्यांना एक एक बटर चिकन' म्हणून मोकळं होतं. दुसरं म्हणजे चांगली कडाही कच्च्या मटणापासून, मोठ्या आचेवर, तुम्ही मागवल्यावर होते. पाऊण तास धरून चाला. म्हणून बसल्या बसल्या आधी कडाही सांगायची, मग पाणी, मग गप्पा. कबाब लवकर येतात, तोवर पोरं शांत राहतात.

आणि आता खरी गंमत. कडाही आली ती थेट टेबलाच्या मधोमध, चर्र वाजत. शेजारच्या टेबलावर सहा जण एकाच कडाहीत रोटीचे तुकडे बुडवून जेवत होते. ती जेवायची पद्धतच तशी आहे. आमच्या टेबलावर सगळ्यांचे हात थबकले. उष्टं! कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच. एका काकूंनी वेटरला हाक मारून डाव मागवला, प्रत्येकाच्या ताटलीत वाढलं आणि जेवण सुरू झालं. पाऊण कडाही संपल्यावर मात्र तळाला धरलेला मसाला राहिला. तो डावाने निघत नाही. तिथे आधी एक रोटी बुडली, मग दुसरी, आणि शेवटी काकूंचीही.

बिल एकाने भरलं आणि नंतर सगळ्यांत सारखं वाटलं. इथे थोडी कुरबूर झाली, ती मी लिहीत नाही. ज्यांची कुरबूर आहे ते लिहितीलच. प्रश्न असे: तुम्ही असा कट्टा केलाय का? बीफचं कसं विचारता? उष्ट्याचं काय करता? आणि पैसे?

हिंगाष्टक

कुरबूर माझी. लिहिते.

मी दाल, भाजी, दोन रोट्या आणि चहा घेतला. माझ्या वाट्याला जे पैसे आले त्यात तीन वेळा तेच जेवण झालं असतं. पैशांचं दुःख नाही, पण दर वेळी शाकाहाऱ्यांनीच 'समजून घ्यायचं' असतं. शिवाय मेन्यूतल्या किमतीत ५ टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो. वाटणी करणाऱ्याने तो वरून पुन्हा लावला होता. तो मी सांगितल्यावर काढला.

बाकी जेवणाबद्दल तक्रार नाही. दाल माश अप्रतिम होती. घरी उडदाची डाळ केली की चिकट होते, तिथे दाणा न् दाणा सुटा होता.

पेठेतला

टीटीएमएम. विषय संपला.

आलेपाक

@पेठेतला, एका किलोच्या कडाहीत तू तुझं आणि मी माझं कसं करायचं ते पण सांगा. बोट्या मोजायच्या का?

पेठेतला

मोजाव्यात. आमच्याकडे मोजतात.

बंदरकर

धागा छान. मी मूळचा श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. आमच्या बाजूच्या गावांत घरटी कोणी ना कोणी गल्फमध्ये राहून आलेला असतो, त्यामुळे या हॉटेलांशी जुनी ओळख आहे. बीफबद्दल लिहितो, कारण इथे सगळे कुजबुजत विचारतात आणि मग वेटरही गोंधळतो.

मोकळेपणाने विचारा, कोणी वाईट मानत नाही. 'गोश्त बड़े का है या छोटे का?' एवढं पुरे. छोटं म्हणजे बकरी-मेंढी, बडं म्हणजे गाय-म्हैस. त्यात गाय की म्हैस, हे वेटरला बहुतेक ठाऊक नसतं, तेव्हा त्यात शिरू नका. साधारण अंदाज असा: निहारी बड्याचीच असते, वेगळं लिहिलं नसेल तर तसंच समजा. पाये दोन्हीचे असतात. हलीम बड्याचं किंवा चिकनचं. चपली कबाब मुळात बड्याच्या खिम्याचा, चिकनचाही मिळतो, पण दोन्ही बऱ्याचदा एकाच तव्यावर, एकाच चरबीत तळतात. ज्यांना चालत नाही त्यांनी चपली सोडूनच द्यावा. 'सीख कबाब' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा, कारण तो तिन्हींचा असतो. कडाही बिनधास्त, मटण म्हणजे मटणच.

आणि हे टेबलावर बसल्यावर विचारू नका. आदल्या दिवशी फोन करा. टेबलावर विचारलं की जे खातात त्यांना उगाच अवघडल्यासारखं होतं आणि जे खात नाहीत त्यांना सगळ्याचाच संशय येऊ लागतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपमध्ये मी एकटा खाणारा, बाकी सगळे न खाणारे. मी त्यांच्यासोबत असतो तेव्हा मागवत नाही. एका जेवणाने काही बिघडत नाही.

हिंगाष्टक

@बंदरकर, फार कामाची माहिती. शाकाहाऱ्यांसाठी माझीही थोडी भर. दालवर विसंबू नका, विचारा. दाल गोश्त वेगळी लिहिलेली असते, पण काही ठिकाणी चण्याच्या डाळीतही यखनी (मांस उकळून काढलेलं पाणी) घालतात. 'इसमें यखनी या गोश्त तो नहीं?' असं स्पष्ट विचारावं.

आणि सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सादी बिर्याणी. नाव वाचून मी आनंदाने मागवणार होते. ती म्हणजे गोश्ताच्या बिर्याणीतलाच भात, फक्त बोट्या न वाढलेल्या! कराचीत तशीच विकतात म्हणे. साधा पांढरा भात हवा असेल तर 'उबले चावल' म्हणा.

मिरचीठेचा

सादी बिर्याणी म्हणजे आमच्याकडे पोळा झाल्यावर पाहुण्यांना वाढतात तो रस्सा. 'पीस नाही घेतला, म्हणजे शाकाहारीच.'

कडाहीबद्दल नागपूरकराचं मत: सावजी खाऊन वाढलेल्या जिभेला लाहोरी कडाही पहिल्यांदा फिकी वाटली. तिखट कुठेय, मसाला कुठेय, खोबरं कुठेय? नंतर समजलं की यांच्याकडे वाटण नसतंच. टोमॅटो, आलं, हिरवी मिरची, मिरेपूड आणि मटण. कांदाही बऱ्याच ठिकाणी घालत नाहीत. टोमॅटोचं पाणी मोठ्या आचेवर आटवायचं, तेल सुटलं की उतरवायचं. पठाणांची शिनवारी कडाही तर त्याहून कोरी. दुंब्याचं (जाड शेपटीच्या मेंढ्याचं) मटण, त्याच्याच शेपटीची चरबी, टोमॅटो, मिरची, मीठ. बास. मटण ताजं नसेल तर त्यात काहीच लपत नाही. म्हणून नवीन हॉटेल जोखायचं असेल तर मी शिनवारीच मागवतो.

दुंब्याचा वास सगळ्यांना झेपत नाही, हेही लिहून ठेवतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी बकऱ्याची लाहोरी बरी.

नळीफुंके

एवढं मोठं लिहिलंत आणि निहारीला एका ओळीत उरकलंत? निषेध.

बडं खाणाऱ्यांनी संध्याकाळच्या कट्ट्यात निहारी मागवू नये, तिच्यासाठी वेगळी सकाळ काढावी. पिंढरीचं मांस रात्रभर मंद आचेवर, वर पिठाने दाट केलेला रस्सा आणि रस्स्यावर लाल तेल. सोबत आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. हे चारही पदार्थ आपण आपल्या हाताने घालायचे, तिथेच प्रत्येकाची निहारी वेगळी होते. नळी मागितली तर मिळते, पैसे जादा. नळीतला गर निघत नसेल तर ताटलीवर आपटायची, लाजायचं नाही. पूर्वी शुक्रवारी सुट्टी असायची तेव्हा शुक्रवारची सकाळ ठरलेली. १ जानेवारी २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि निहारीही रविवारवर गेली. रविवारी पार्किंगही फुकट, हा सतव्यात लहान मुद्दा नाही.

दिल्लीचा पदार्थ. फाळणीनंतर दिल्लीवाले कराचीला गेले, तो त्यांच्यासोबत गेला आणि तिथून इकडे आला. आलेपाक यांच्या उष्ट्याच्या प्रश्नाला निहारी हे एक उत्तर आहे. ती वाडग्यात, ज्याची त्याला येते.

चंदेरी

उष्टं हा काही 'जुनाट समज' वगैरे नाही, असं मला वाटतं. मी सर्दीच्या दिवसांत कोणाच्या डब्यात हात घालत नाही आणि कोणी घातलेला आवडत नाही. पण काकूंनी डाव मागवला ते उत्तम केलं. कडाही मधोमध ठेवून वाढून घेतली तरी जेवण एकत्रच होतं.

एक विचारायचं होतं. बायकांनी वर फॅमिली हॉलमध्येच बसायला हवं का? थंडीत खाली फुटपाथवरची टेबलं फार छान दिसतात.

आलेपाक

@चंदेरी, नाही, तसं काही नाही. खाली बाहेर कितीतरी बायका बसलेल्या होत्या. फॅमिली हॉल आम्ही पोरांमुळे घेतला, आणि जागा सलग मिळते म्हणून. वेटर सगळ्या बायकांना 'बाजी' (म्हणजे ताई) म्हणतात. मला फार आवडलं. करामात 'मॅडम' ऐकून कान किटलेत.

बंदरकर

उष्ट्यावरून. आमच्याकडे लग्नात दस्तरखानावर बसतो तेव्हा भात मधल्या ताटात असतो आणि जो तो आपल्या बाजूने खातो. मधोमध हात घालणं किंवा दुसऱ्याच्या बाजूची बोटी उचलणं हा वाईटपणा. बोहरी थाळ कोणी पाहिला असेल तर तिथेही आठ जण एका थाळाभोवती बसतात, मिठाची चिमूट चाखून सुरुवात होते आणि प्रत्येकाची बाजू ठरलेली असते. कडाहीतही तेच. आपल्या समोरचा भाग आपला. तुकडा एकदा बुडवला की सरळ तोंडात, चावलेला पुन्हा बुडवायचा नाही. उजवा हात. एवढं पाळलं की उष्टं उरत नाही.

वाघनख

सगळ्यांना गोड लागतंय म्हणून कोणी बोलत नसेल तर मी बोलतो. २२ एप्रिल २०२५ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली. त्यात महाराष्ट्रातली सहा होती, तीन एकट्या डोंबिवलीची. मी डोंबिवलीचा. तेव्हापासून मी पाकिस्तानी हॉटेलात पाय ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. दुबईत हॉटेलांची कमी आहे का? कट्ट्यासाठी हीच जागा कशी सापडली?

आलेपाक

@वाघनख, जागा ठरवताना ग्रुपवर विचारलं होतं. दोघांनी याच कारणाने येणार नाही असं सांगितलं आणि ते आले नाहीत. कोणी त्यांना आग्रह केला नाही आणि टोमणाही मारला नाही. पुढचा कट्टा करामात आहे, त्याला ते येतील. तुम्हीही या.

मिरचीठेचा

@वाघनख, तुमच्या भावनेला काही म्हणत नाही. माझं एवढंच की मी रोज ज्या टॅक्सीने ऑफिसला जातो तिचा चालक पेशावरचा, बिल्डिंगचा वायरमन गुजरांवालाचा, आणि आमच्या साइटवरचा फोरमन मर्दानचा. या गावात त्यांना टाळून दिवस काढता येत नाही. मग रोटीच तेवढी का टाळायची, हे मला जमलं नाही. तुम्हाला जमत असेल तर ठीक.

वाघनख

टॅक्सी गरज आहे, कडाही हौस आहे. फरक आहे.

संपादक

दोन्ही बाजू मांडून झाल्या आहेत. यापुढची राजकीय चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर करावी. इथे त्यावरचे प्रतिसाद उडवले जातील.

टेम्सकाठी

वाचतोय. लंडनची भर घालतो. व्हाइटचॅपलमध्ये फील्डगेट स्ट्रीटवर टय्याब्स आहे, १९७२ पासूनचं, पंजाबी पाकिस्तानी. मटणाच्या चापा तडतडत्या तव्यावर येतात, त्या खाल्ल्याशिवाय दुसरं काही मागवू नये. मांस हलाल, आणि तरीही मी गेलो तेव्हा बिअर-वाईन आपली आपण नेता येत होती. आमच्या मराठी मंडळींनी निम्मी लोकप्रियता त्यावरच दिली असेल. जागा आधी राखूनही रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

दुबईत काय नियम?

नळीफुंके

@टेम्सकाठी, इथे अशा हॉटेलांत दारू नसते आणि बाहेरून आणायची तर नाहीच नाही. ज्यांना 'बसायचंय' त्यांनी ते नंतर आणि दुसरीकडे. कट्ट्याच्या दृष्टीने मला ते बरंच वाटतं. गाडी चालवायला सगळेच शुद्धीवर असतात आणि बिल वाटताना एक भांडण कमी.

डेव्हनवाली

शिकागोतल्या डेव्हन अॅव्हेन्यूवर एका तुकड्याला गांधी मार्ग आणि दुसऱ्या तुकड्याला मोहम्मद अली जिना वे अशा मानाच्या पाट्या आहेत. आम्ही साडी गांधी मार्गावर घेतो आणि निहारी जिनांकडे खातो. कोणाला काही वाटत नाही. उणे तापमानात फुटपाथवर उभं राहून तत्त्वचर्चा करायची कोणाची तयारी नसते, हेही कारण असेल.

आमच्या ग्रुपची पैशांची पद्धत सांगते. दोन खाती. मांसाहारी पदार्थ खाणाऱ्यांत, शाकाहारी पदार्थ फक्त शाकाहाऱ्यांत नाही तर सगळ्यांत, कारण दाल सगळेच ओढतात. रोट्या, सॅलड, चहा, टिप सगळ्यांत. दहा वर्षांखालची पोरं निम्मी. बिल आलं की फोटो ग्रुपवर. आखडतं घेणारे आणि वरचढ खाणारे दोघंही गप्प बसतात.

हिंगाष्टक

@डेव्हनवाली, 'दाल सगळेच ओढतात' हे लाख बोललात. आमच्या टेबलावर चौघांसाठी मागवलेली दाल माश कडाहीवाल्यांनीच संपवली. आम्हाला दुसरी मागवावी लागली. आणि बिलातला सारखा वाटाही आम्ही भरला. ही पद्धत पुढच्या वेळी वापरू.

पेठेतला

बोट्या मोजण्याचा माझा प्रस्ताव मागे घेतो. डाळ मोजणं अवघड आहे.

दर्यावर्दी

थोडं अवांतर. आमच्या आजोबांची नोकरी कराचीला होती, फाळणीआधी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे मराठी कारकून, मास्तर, डॉक्टर तिकडे बरेच होते. मागे एका पाकिस्तानी हॉटेलात गेलो होतो. वेटर कराचीचा होता. 'कुठे शिकलास' विचारलं तर म्हणाला, एनजेव्ही. मी उडालोच! ती शाळा १८५५ची, आणि नाव ज्यांचं आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य आपले मराठी, सिंधच्या शिक्षण खात्यात होते. त्याला फक्त आद्याक्षरं माहीत होती. नाव सांगितल्यावर त्याने ते दोनदा घोकलं आणि आम्हाला दूध पत्ती पाजली. चहाचे पैसे घेतले नाहीत, पण बाकीचे घेतले, आणि ते बरोबरच आहे.

कराचीतल्या कोकणी मुसलमानांबद्दल बंदरकर जास्त सांगू शकतील.

बंदरकर

@दर्यावर्दी, आहेत तर. कराचीत कोकणी मुसलमानांची सोसायटी आहे, तिच्या नावातच कोकण आहे. आमच्या आजीची चुलत बहीण तिकडे गेली. तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण होतं असं आजी सांगायची. मात्र दुबईतल्या पाकिस्तानी हॉटेलात तुम्हाला ते मिळणार नाही. इथे पंजाब आणि पेशावरचंच राज्य आहे, मासा असलाच तर तळलेला लाहोरी. कराचीचं म्हणजे बिर्याणी. तिच्यात बटाटा असतो. मुंबईवाल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल.

मिरचीठेचा

बिर्याणीत बटाटा हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. संपादक झोपलेत तोवर सांगतो, मी बटाट्याच्या बाजूने.

चंदेरी

गोड काय घेतलं ते कोणीच लिहिलं नाही.

आलेपाक

@चंदेरी, मातीच्या वाटीतली फिरनी आणि गाजर हलवा. हलव्यात खवा सढळ होता. काश्मिरी चहाही मागवला, गुलाबी, वर पिस्ते. काश्मिरात तो खारा पितात, हॉटेलात मात्र गोडच मिळतो. पोरांना रंग आवडला, मोठ्यांना दूध पत्तीच बरी वाटली. संकष्टीवाल्या मैत्रिणीचा चंद्र तेव्हा उगवला होता, तिने थेट फिरनीनेच उपास सोडला आणि नंतर दाल-रोटी.

खाडीपलीकडे

मी शारजात नवीन आहे, ग्रुपमध्ये यायला आवडेल. रमझानात असा कट्टा करता येतो का? की तेव्हा जाऊच नये?

बंदरकर

@खाडीपलीकडे, जरूर जा, पण वेळ सांभाळा. मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानीला सगळी टेबलं रोजा सोडणाऱ्यांनी भरलेली असतात. खजूर, सरबत, पकोडे, फ्रूट चाट, मग नमाज, मग जेवण. त्या तासाभरात एकोणीस जणांचं टेबल अडवू नका. साडेनऊनंतर जा, मध्यरात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि सगळ्यात मोकळं वातावरण तेव्हाच असतं. हलीम त्या महिन्यात जवळपास रोज असतं, गहू, जव, डाळी आणि मांस घोटून. वर तळलेला कांदा आणि लिंबू. चिकनचं आहे का तेवढं विचारून घ्या.

इफ्तारलाच जायचं असेल तर आदल्या दिवशी माणसं मोजून कळवा आणि अजान होईपर्यंत ताटाला हात लावू नका, एवढंच.

खाडीपलीकडे

धन्यवाद. आम्ही दोघं आणि एक मुलगी. मी मटण, बायको शाकाहारी, मुलगी फक्त रोटी. डेव्हनवालींच्या पद्धतीने आमचे किती होतात ते सांगा, तेवढे काढून ठेवतो.

डेव्हनवाली

@खाडीपलीकडे, मुलगी दहाखालची असेल तर अर्धी. पण फक्त रोटी म्हणणारी पोरं फिरनीच्या वेळी पूर्ण धरावीत, हा आमच्याकडचा पोटनियम आहे.